घड्याळाचं पोट

दुपारची भांडी झाली की मी पलंगावर टॉवेल पसरते आणि डब्यातली घड्याळं काढून मांडते. सगळी हाताची, चावीची. एकेकाला हळूच चावी द्यायची, कानाला लावायचं, मग पुढचं घ्यायचं. जोर करायचा नाही. पुरेशी चावी बसली की बोटाला कळतं. जी बंद पडली आहेत त्यांनाही मी चावी देऊन बघते.

आमचे हे पलीकडे पेपर वाचत असतात. म्हणतात, "इतकी घड्याळं हायेत घरात, पन चहा काई टायमावर भेटत नाई."

बहुतेक घड्याळं मला भांडेवाल्या बायांकडून मिळाली. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देत त्या घरोघरी फिरतात, तेव्हा कोणी बंद पडलेलं घड्याळही त्यांच्या टोपलीत टाकतं. अकोल्यात आमच्या गल्लीत येणारी बाई ते माझ्यासाठी बाजूला ठेवते आणि मी तिला एखादं बरं लुगडं देते. लोकांना वाटतं मला छंद आहे. आता आहेही. पण सुरुवात छंदाने झाली नाही. माझ्या बाबांनी दिलेल्या घड्याळासारखं दुसरं घड्याळ मला बघायचं होतं.

माझं लग्न झालं तेव्हा सासऱ्याने नवरदेवाच्या मनगटावर घड्याळ बांधायची पद्धत होती. आणि घड्याळ हवं ते बंगलोरच्या सरकारी कारखान्याचंच. आपल्या देशात बनतं म्हणून त्याचा फार मान होता. ते सहज मिळत नसे. दुकानात नाव सांगून ठेवायचं आणि वाट बघायची. बाबांनी भातकुलीहून अमरावतीला त्यासाठी कितीतरी चकरा मारल्या. घड्याळ हाती आलं त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून त्यावर वेळ बघायला शिकवलं. मी चौथीपर्यंत शाळेत गेले होते, पण आमच्या घरी घड्याळ नव्हतं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत ते ह्यांच्या हातून हौदात पडलं. मोठ्या नणंदेच्या यजमानांनी ते बाळापूरला दुरुस्तीला नेलं. परत आले ते हसतच. घड्याळवाल्याने झाकण उघडून दाखवलं म्हणे, बाहेर नाव आपल्या कारखान्याचं आणि आतल्या मशीनवर जपानचा शिक्का.

"थोबाड खरं अन् पोट खोटं," ते म्हणाले.

नणंद चुलीपाशी माझ्या शेजारीच बसली होती. "तुह्या बापानं माह्या भावाले डुप्लिकेट बांधलं वो," ती म्हणाली.

मी भाकरी थापत राहिले. मला काही बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. ह्यांनी मला कधी टोचलं नाही, पण ते घड्याळ पुन्हा हातात घातलंही नाही. पुढे घरात कुठलंही लग्न ठरलं की नणंद म्हणायची, "घड्याळ पोट उघडून पाह्यजा बरं." सगळे हसायचे. बाबा गेले तोवर त्यांना यातलं काही कळलं नाही. मीच कळू दिलं नाही. दुकानदाराने बाबांना फसवलं असेल, असं मी धरून चालले होते. पण कधी कधी वाटायचं, खरं घड्याळ मिळेना म्हणून त्यांनी जाणूनबुजून दुसरं आणलं असेल तर?

म्हणून मी घड्याळं गोळा करू लागले. तशीच पांढरी तबकडी, तसेच आकडे असलेली दोन-तीन मिळालीही. खूप आनंद झाला. मग लक्षात आलं की मी वर्षानुवर्षं फक्त तोंडं बघते आहे आणि बोल लागला होता तो पोटाला. झाकणं उघडून घ्यायला हवी होती. पण उघडायला घड्याळवाला लागतो, आणि त्याने दुकानात चार लोकांसमोर 'डुप्लिकेट' म्हटलं असतं तर मी काय केलं असतं?

या हिवाळ्यात अमरावतीला बहिणीकडे गेले. बाबांचं घड्याळ नेहमीसारखं पर्समध्ये होतं, आणि त्याची गोष्ट माहेरी फक्त तिलाच ठाऊक होती. तिच्या सुनेने शेंदूरजनाघाटच्या माहेराहून आपल्या आजोबांचं बंद घड्याळ माझ्यासाठी आणून ठेवलं होतं. तबकडी बाबांच्या घड्याळासारखीच. बहिणीने मला ओढतच राजकमल चौकाजवळच्या एका घड्याळवाल्याकडे नेलं. त्याने झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, "मशीन चांगली हाये, मावशी. जपानची हाये."

मी पर्स पोटाशी धरली. बहीण म्हणाली, "ताई, बाबाचं बी काढ न पर्समधून."

मी काढेना, तेव्हा तिनेच पर्समधून काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने तेही उघडलं, दोन्ही शेजारी ठेवली आणि भिंग माझ्या हातात दिलं. इंग्रजी मला येत नाही. पण अक्षरांचे आकार तर दिसतात. दोन्हीकडे सारखेच होते.

"सारखीच हायेत," तो म्हणाला.

मी कसंबसं विचारलं, "दोनी डुप्लिकेट असतीन तर?"

तो हसला नाही. आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून त्याने उघडलं. "हे माह्या बापानं सरकारी डेपोतून घेतलं. खोक्यातून मीच काढलं होतं. पाहा."

तिसऱ्यातही तोच शिक्का होता. मग त्याने सांगितलं की कारखाना जपानी कंपनीच्या मदतीने सुरू झाला होता. पहिल्या खेपांमध्ये आतले भाग तिकडून आणायचे आणि घड्याळ इथे जोडायचे. पुढे सगळं इथेच बनायला लागलं. आता कारखानाही बंद पडला आणि लोक हीच जपानी पोटाची जुनी घड्याळं शोधत फिरतात.

"बाळापूरवाल्यानं मंग काहून तसं सांगतलं?" बहीण चिडली.

"त्याले मालूम नसन, बाई. नवीन चीज होती तवा."

बाहेर आल्यावर बहिणीने मला उसाचा रस पाजला. मी रडत होते, आणि ती म्हणत होती, "आता काहून रडून राहिली तू? पी न."

अकोल्याला परत आले तशी मी नणंदेला फोन लावला. आजवर मी तिला कधी आपणहून फोन केला नव्हता. सगळं नीट सांगितलं. घड्याळ खरं होतं, तिन्ही घड्याळांचं पोट एकच निघालं.

पलीकडे तिने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "कोणतं घड्याळ वो?"

मी आठवण करून दिली.

"म्या म्हनलं होतं? मले तर याद बी नाई. तू हे इतके वर्सं मनात ठेवून राहिली? अवो, तवाच भांडाचं होतं माह्याशी."

मला वाटलं होतं मला तिचा राग येईल. आला नाही. उलट मीच हसायला लागले, आणि मग तीही. तिने विचारलं, मेथी निवडली का, गुडघे कसे आहेत. आम्ही बराच वेळ बोललो. फोन ठेवून मी पलंगावर आडवी झाले आणि मला दिवसाढवळ्या गाढ झोप लागली. उठले तर ह्यांनी स्वतःच चहा करून घेतला होता.