पिंजऱ्याचे गुळगुळीत जोड

गाडी उलटली तर आतल्या माणसाचं डोकं चेपू नये, म्हणून शर्यतीच्या गाडीत पोलादी पाइपांचा पिंजरा बसवतात. एवढी साधी गोष्ट. पण वरळीच्या टॉवरमधल्या आमच्या शेठला ती शेवटपर्यंत कळली नाही. त्याला पिंजरा हवा होता फोटोसाठी. माझ्याकडे तो आला तोच मुळी त्याच्या लॉबीतलं मी केलेलं रेलिंग बघून. "जोड कुठेय तेच दिसत नाही यार, सेम असंच पाहिजे," म्हणाला. रेलिंगवाल्याकडून शर्यतीची गाडी बांधून घेणारा माणूस. आता बोला!

मी लालबागचा. तीस वर्षं ग्रिल, जिने आणि रेलिंग करतोय. कॉटन ग्रीनला अर्धं गोडाऊन भाड्याने घेतलंय. शर्यतीची गाडी पहिलीच, पण पाइपाला पाइप जोडायचा, त्यात कसलं आलंय डोंबलाचं शास्त्र, असं मला वाटलं.

शेठ रोज यायचा. गोडाऊनच्या अंधारातसुद्धा गॉगल काढायचा नाही. नट कुठला नि बोल्ट कुठला ते कळत नाही आणि वळणावर गाडी कशी घ्यायची ते मला ऐकवायचा. स्वतःची गाडी ड्रायव्हरशिवाय पार्किंगमधून निघत नाही, मेल्याची!

शर्यतीत गाडी चालवणार होती गिरगावची एक ख्रिश्चन मुलगी. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला होती. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या गाड्या पळवायची. मापं द्यायला आली तेव्हा हेल्मेट घालून तासभर सीटवर न हलता बसली, आणि डोक्यावर पाइप किती अंतरावर येईल ते दोनदा मोजायला लावलं. मला तिचाही रागच आला. म्हटलं, ही कवळीवाली आता आम्हाला टेप धरायला शिकवणार.

पिंजरा झाला. आमच्या लाइनीत जोडाची फुगीर कड दिसणं म्हणजे नाक कापल्यासारखं. म्हणून एकेक जोड ग्राइंडरने घासून सपाट केला, वर लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, भरली, पॉलिश पेपर मारला आणि पांढरा रंग दिला. काचेसारखा गुळगुळीत! शेठ तर मोबाइल घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणाच घालत होता.

तेवढ्यात ती आली. वाकून आत शिरली आणि एका जोडावरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"काका, वेल्डिंग कुठाय?"

"तीच तर खुबी आहे," मी छाती काढून म्हणालो.

"घासून टाकलंत?"

"मग काय गोळे ठेवू?"

"पाइप धरून ठेवतो तो गोळाच ना, काका? कवळीत तार जोडतो, ती जास्त घासली की चावताना तुटते."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. शेठ मध्येच म्हणाला, "चालेल गं, कोण उलटतंय? उद्या फोटोग्राफर येतोय."

"आणि उलटले तर?"

"निगेटिव्ह नको ना बोलूस."

बाहेर येऊन तिने हातातलं हेल्मेट बाकावर ठेवलं. "मी यात बसणार नाही," म्हणाली. आवाजसुद्धा चढवला नाही.

तिचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून मी कटर उचलला. शेठ ओरडत होता, पण मी पिंजऱ्याच्या वरच्या भागातला एक अख्खा जोड कापून काढला, व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि मोठा हातोडा घेतला. "बघा हं आता," म्हटलं. पहिल्या घावाला रंगाचा टवका उडाला. दुसऱ्या घावाला जोड उघडला. आत बघितलं तर दोन पाइपांना धरून होता तो नुसता पापुद्रा, बाकी सगळी लांबी.

"तू जोरात मारलास," शेठ म्हणाला.

"गाडी आपटेल ती काय गोंजारत आपटेल, अकलेच्या कांद्या?" मी ओरडलो. पण त्याला शिव्या देऊन माझं काय भागणार होतं? तो मूर्ख होता, पण त्याने ग्राइंडर हातात धरला नव्हता. धरला होता मी. जिन्याच्या कठड्याला कधी कोणी हातोडा मारत नाही, म्हणून तीस वर्षं मी स्वतःला कारागीर समजत आलो. लाज वाटली. सगळा पिंजरा कापायला लागणार होता, तेही कोणी सांगायची गरज नव्हती.

मुलीने खाली पडलेला तुकडा उचलला, उलटसुलट करून बघितला.

"हा कुठला जोड, काका?"

खोटं बोलता आलं असतं.

"तुमच्या डोक्यावरचा," मी म्हणालो.