लांजेवार भाऊजींच्या लॉनचा रोवणा

साकोलीच्या आमच्या कॉलनीत कुणाकडं काय शिजलं हे मला विचारावं लागत नाही, वास येतो. पण शेजारच्या लांजेवार भाऊजींनी यंदा लॉन सुधरवायला घेतलं, आणि मी कंपाउंडपाशी खुर्चीच टाकली. आता घरी कुणी आलं की चहासोबत एक किस्सा वाढावाच लागतो!

भानगड अशी की त्यांच्या मऊ लॉनमध्ये हरळी घुसली. ती पसरली, लॉनला टक्कल पडलं. त्यातच त्यांच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न जमलं. भाऊजी फोनवर इवायाले, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांना, साखरपुड्याचं सांगून मोकळे, "साक्षगंध आमच्या लॉनवरच! दिवाळी झाली की या."

फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, "कोणत्या लॉनवर?"

*

भाऊजींनी कुदळीनं हरळीचे तुकडे तुकडे केले. पाऊस पडला अन् तुकड्या-तुकड्याला कोंब!

मी भिंतीवरून विचारलं, "भाऊजी, उपटून राहिले का पेरून राहिले?"

त्या दिवशी आमच्याकडं पेपर वाचायला आले नाहीत.

*

मग तणनाशकाची फवारणी. हरळी हिरवीगार, उरलंसुरलं लॉन जळालं.

वहिनी म्हणाल्या, "चला, एकसारखं तरी झालं!"

*

गणपतीत बाया दूर्वा मागायला आल्या. भाऊजींनी हातच जोडले. "न्या वं, मुळासकट न्या!"

"मुळासकट देवाले चालत नाही, भाऊजी."

शेंडे खुडून गेल्या. हरळी आणखी दाट! भाऊजी म्हणाले, "बाप्पाचाच हात हाये हिच्यावर. मी काय करू?"

*

शेवटी कोंढ्याहून वहिनींचे भाऊ आले. धानाचे शेतकरी. "जवाईबुवा, रडता कायले? धानाची बांधी समजा न!"

अंगणाला चारी बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध घातला, पाणी भरलं, चिखल केला, हरळी मुळासकट वेचली. मग गावच्या रोवणाऱ्या बाया आणल्या. नवीन लॉनच्या काड्या हातात, वाकून, मागं सरकत, गाणी म्हणत, भातलावणीसारखा रोवणा! मीही पदर खोचून उतरले.

दिवाळी झाली. हिरवंगार लॉन, हरळीचं पातं नाही. वहिनींनी देवापुढं साखर ठेवली.

*

साक्षगंधाला पाहुणे आले, पवनीकडचे, सगळे धानवाले. मधोमध खुर्च्या मांडलेल्या. पण मंडळी चपला काढून, एकामागं एक, धुऱ्या-धुऱ्यानंच चालली. लॉनवर कुणी पाय ठेवेना!

भाऊजी मधून ओरडले, "अवो, या न मधात! बसा!"

इवाई धुऱ्यावरच थांबले. "इवाईबुवा, उभ्या पिकात पाय कसा टाकावा?"

भाऊजींनी एकदा लॉनकडं पाहिलं, एकदा इवायाकडं. मग घराकडं तोंड करून हाक मारली,

"अवं, चहा धुऱ्यावरच आण!"