फटीतला धागा

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. आम्ही भोई. खान्देशात तापीकाठी आबांचं निम्मं आयुष्य होडीत आणि जाळ्यात गेलं. मग गाव सुटलं, सुरत गाठली. माझा नवरा बमरोलीत लूमवर लागला आणि आबा खोलीत बसून कावू लागले. "तापी तीच शे, नि मी आठे भिंती देखत बठेल शे," असं दिवसातून दहादा म्हणायचे.

सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आदल्या वर्षी दिवाळीत लूम बंद होते. तेव्हा त्यांनी ओळखीच्या एका सुरती माछीमाराची पडून असलेली लाकडी होडी घेतली. उन्हाने फळ्यांमधल्या फटी उघडल्या होत्या. आबांना त्याचा घोर नव्हता. फटीत सूत पिळून ठोकायचं, वरून डांबर फासायचं, झालं. "सूत पानी पेस, फुगस, फट आपोआप बंद," असं मला समजावायचे. "दोन दिन गळी, मंग नही." आणि सूत मागितलं ते माझ्याकडेच.

मी घरी साड्यांचे धागे कापायची. साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीने छाटायचे, एवढंच काम. दिवसाकाठी पिशवीभर धागा निघायचा आणि उकिरड्यावर जायचा. आबांना मी पोतंभर दिला. कामाला येतोय म्हणून हौसेने दिला. फटींमधून गुलाबी, मोरपंखी धागे डोकावू लागले तेव्हा नवरा हसला, "आबा, होडी शे का नवरी?"

तो धागा पॉलिस्टरचा होता हे मला ठाऊक होतं. सुरतेत कोणत्या बाईला ठाऊक नसतं? ठिणगी पडली तर त्याची राख होत नाही, काळा मणी होऊन बोटाला चिकटतो. आबांना ते ठाऊक नव्हतं. कापसाच्या मुलखातला माणूस, त्यांच्या लेखी धागा म्हणजे कापूस. सूत पाणी पितं असं ते सांगत होते, मी मान डोलावत होते, आणि पिळून झटकली की वाळणारी साडी रोज माझ्या अंगावर होती. तरी डोक्यात उजेड पडला नाही. आग लागो त्या डोक्याला!

होडी पाण्यात टाकली आणि गळू लागली. आबा निर्धास्त होते. दोन दिवस झाले, तिसरा झाला, चौथा झाला. डांबराने धरलं तेवढं धरलं, बाकी झिरपणं चालूच. "सूत धरी आते," आबा म्हणाले. पाचव्या दिवशी, लूम सुरू व्हायच्या आदल्या सकाळी, बापलेक तापीच्या मुखाकडे निघाले. मी भाकरी बांधून दिली.

पुढचं आबांनी एकदाच सांगितलं. होडी एकदम बुडत नाही. आधी जड होते. वल्हं मारावं तेवढी पुढे जात नाही, वळवली तर उशिरा वळते. डब्याने उपसत राहायचं, वाटतं निभेल. पायाखालच्या फळ्यांच्या खाली किती साचलंय ते दिसतच नाही. मग जाळं ओढायला दोघं एका बाजूला वाकले, तसं आतलं सगळं पाणी त्याच बाजूला धावलं, होडीचा काठ पाण्याला टेकला, आणि एक लाट आत आली. मोठीसुद्धा नव्हती. होडी उलटली. माझा नवरा माशासारखा पोहणारा, पण पाय जाळ्यात अडकले, आणि ओहोटीने जाळं ओढलं. आबांनी एका हाताने उलट्या होडीचा तळ धरला, दुसऱ्याने लेकाची कॉलर. दुसऱ्या होडीवाल्यांनी आबांना वर घेतलं तेव्हा फाटलेली कॉलर त्यांच्या मुठीत होती.

लोकांनी होडी किनाऱ्याला ओढून आणली. ज्याची होती तो माछीमार गुडघ्यावर बसला, त्याने डांबर खरवडलं आणि फटीतून धागा उपसला. माझा गुलाबी धागा. तसूभरही फुगला नव्हता. त्याने झटकला, तर पाणी उडून गेलं. "आ तो पॉलिस्टर छे," तो म्हणाला. "कोणे आप्यो?"

कुणी दिला, असं तो विचारत होता आणि मी समोर उभी होते.

"मी बजारमाईन लयेल व्हता," आबा म्हणाले. सुरतेत एकटे कधी बाजाराला न गेलेले आबा! लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं. म्हाताऱ्याने पोराला बुडवलं, असंही कुणी म्हणालं. त्यांनी सगळं खाली मान घालून घेतलं आणि मी ते घेऊ दिलं.

त्यानंतर बारा वर्षं आबा माझ्या हातचं जेवले. मी धागेच कापत राहिले, दुसरं येत काय होतं? धाग्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मला वाटायचं, एकदा तरी या माणसाने मला शिव्या घालाव्यात. शेवटी एका दुपारी ताट वाढता वाढता माझाच बांध फुटला. "आबा, तो धागा मी दिन्हा व्हता," म्हटलं.

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. वर न बघता म्हणाले, "मांगेल कोनी व्हता, माय?"