व्याह्यांपेक्षा एक कमी

तालीम केल्याशिवाय आयुष्यातली एकही गोष्ट न करणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो आमच्या डोक्यावर, म्हणजे दुबईत करामातल्या आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही दुसऱ्यावर. सगळी इमारत त्यांना काका म्हणते. जबल अलीतल्या एका कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर आहेत, पण कंपनीने हा हुद्दा दिला नसता तरी त्यांनी तो घरच्या घरी स्वतःला देऊन टाकला असता. सिनेमाला गेले की पडद्याकडे बघण्याआधी ते बाहेर पडायचे दरवाजे बघून येतात. आमच्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी त्यांनी स्वतः लोंबकळून तपासली, आणि मगच माझ्या आईला बाळ आत ठेवू दिले. सुट्टीवर पुण्याला जायचे असेल तर आदल्या दिवशी रिकाम्या बॅगा घेऊन मेट्रोने विमानतळापर्यंत एक फेरी मारतात. काकू त्या फेरीला जात नाहीत, पण डबा देतात, कारण तालमीत भूकही धरलेली असते. ज्या शहरात दर सहा महिन्यांनी जगातले सर्वांत उंच किंवा सर्वांत मोठे असे काहीतरी उघडते, तिथे फीत कापली जात असताना आग विझवायचे नळकांडे कुठे आहे हे विचारणारा एक तरी माणूस असावा असे मला वाटते. मंडळाच्या गणपतीत प्रमुख पाहुण्यांचे भाषण चालू असताना त्यांनी हे एकदा विचारलेही होते, आणि त्या संध्याकाळी भाषणापेक्षा तो प्रश्न जास्त लोकांना आठवला.

अशा माणसाने निवृत्तीच्या तोंडावर मासे पकडायला शिकायचे ठरवले, आणि मासाही कोणता, तर क्रॅपी. हा अमेरिकेतल्या गोड्या तळ्यांत राहणारा वीतभर मासा. आमच्या खाडीत तो नाही, अख्ख्या आखातात नाही, आणि काकांच्या स्वयंपाकघरात तर त्यांच्या आजोबांपासून कुठलाच मासा आलेला नाही. तरीही आज दुबईत क्रॅपीविषयी सर्वांत जास्त माहिती असलेला माणूस तेच आहेत. या मानासाठी त्यांना स्पर्धा नाही ही गोष्ट वेगळी.

याचे कारण त्यांची मुलगी. ती इथेच वाढली, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत मोठी झाली, शिकायला अमेरिकेत गेली आणि टेनेसीतल्या एका मुलाशी तिने तिथल्या कचेरीत लग्न केले. काका-काकूंचा व्हिसा वेळेवर झाला नाही. लग्न दोघांनी लॅपटॉपवर पाहिले. काकांनी कमरेच्या वर रेशमी कुडता आणि खाली घरचा पायजमा घातला होता. ऐन वेळी काकूंनी पडद्यावर अक्षता टाकल्या, आणि नंतर कितीतरी दिवस काका कंपनीचा रिपोर्ट टाइप करताना मधूनच तांदूळ उडायचा. पुढे एकदा व्याह्यांशी व्हिडिओवर भेट झाली. टोपी घातलेले, कमी बोलणारे गृहस्थ. ट्रॅक्टर दुरुस्त करतात. शेवटी व्याही म्हणाले की वसंतात या, तुम्हाला क्रॅपी पकडायला नेतो.

दुसऱ्या कुणी हे हसून सोडून दिले असते. मुलगीही म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट फिशिंग." काकांना ते पटले नाही. त्यांच्या मते ही व्याह्यांची भेट होती आणि त्यात मानपान आला. शाल नाही, श्रीफळ नाही, जेवणाच्या पंगती नाहीत. समोरच्याने मानपानाची जी एकच जागा दाखवली आहे ती होडी आहे, तर मुलीच्या बापाने होडीत हसे करून घ्यायचे नाही.

मग शिक्षण सुरू झाले. रोज जेवणानंतर अमेरिकन म्हाताऱ्यांचे व्हिडिओ. त्यांची पद्धत अशी की दोरीच्या टोकाला शिशाचे वजन बांधायचे आणि त्याच्या वर हातहात अंतरावर दोन गळ. दोरी सरळ खाली सोडायची. शिसे तळाला टेकले की दोरी सैल पडते, तेवढे बोटाला कळले पाहिजे. मग दोन वेढे वर घ्यायची आणि स्वस्थ बसायचे. "हा मासा नेहमी वर बघतो. आमिष त्याच्या खाली गेलं तर ते जगात नाहीच असं समजतो," काका मला जिन्यात सांगत. आणि त्याचा ओठ कागदाइतका पातळ. झटका दिला की फाटतो आणि मासा जातो. काठी नुसती अलगद उचलायची, झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढतो तशी.

तळ ओळखण्याचा सराव त्यांनी स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून केला. डोळे मिटून, गळ न लावता (सेफ्टी), नुसते शिसे खाली सोडायचे. खाली मल्याळी ग्रोसरीवाला आहे. इमारतीतल्या बऱ्याच बायका त्याच्याकडे दोरीने पिशवी सोडतात. पहिल्या दिवशी काकांना दोरी जड लागली, त्यांनी शिकल्याप्रमाणे ती अलगद वर घेतली, तर टोकाला खबूस रोट्यांचे पाकीट आणि लबानची, म्हणजे ताकाची, बाटली. ग्रोसरीवाल्याने खालून ओरडून विचारले, "अंकल, और कुछ?" काकू म्हणाल्या की एवढे दिवस संसार केला, पण सामान असे न सांगता पहिल्यांदाच घरी आले.

हिवाळ्यात आम्ही खाडीवर जाऊ लागलो. आम्ही म्हणजे काका, त्यांचा परवाना, त्यांचे पिवळे चमकते जाकीट आणि मी. माझे काम व्याही होण्याचे होते. मी शेजारी गप्प बसायचे, कारण ते व्याही गप्प बसतात. बोललो की काका म्हणत, "तू टेनेसीचा आहेस, विसरू नको." एकदा एक वयस्क अरबी गृहस्थ फिरता फिरता थांबले आणि त्यांनी आस्थेने विचारले की काय पकडताय. काका म्हणाले, क्रॅपी. ते कुठे मिळतात? काका म्हणाले, अमेरिकेत. त्या गृहस्थांनी एकदा पाण्याकडे पाहिले, एकदा काकांच्या जाकिटाकडे पाहिले, "इन्शाल्ला" म्हणाले आणि चालू लागले.

खरी अडचण पुढेच होती. काकांनी एक नियम केला होता की मुलीच्या बापाने व्याह्यांपेक्षा एक मासा कमी पकडायचा. बरोबरी म्हणजे आगाऊपणा, फार कमी म्हणजे हसे. नेमका एक कमी. म्हणून तर एवढे शिकायचे, कारण ज्याला पकडता येते त्यालाच बेताने सोडता येते. पण इथे व्याही मी होतो, आणि मला काही लागत नसे. शून्यापेक्षा एक कमी पकडणे त्यांनाही जमण्यासारखे नव्हते. त्यामुळे त्यांच्या काठीचे टोक वाकले की ते नुसते हसत आणि दोरी सैल सोडत. अख्खा हिवाळा खाडीतल्या माशांनी आमची कोळंबी खाल्ली.

एकदा मी कंटाळून म्हणालो, "काका, त्या माणसाच्या लक्षातही येणार नाही हो. एवढं कशाला?"

त्यांनी गळाला नवी कोळंबी लावली आणि म्हणाले, "ती तिथे एकटी आहे रे. उद्या काही झालं तर मी पोचेपर्यंत दीड दिवस जातो. मधे हा माणूस आहे. त्याला मी आवडलो पाहिजे. माशाशी मला काय करायचंय?"

त्यानंतर मी टेनेसीचाच राहिलो.

एप्रिलमध्ये काका-काकू टेनेसीला जाऊन आले. परतल्यावर त्या शनिवारी मी वर गेलो तर काका सोफ्यावर बसले होते, आणि मी न विचारता सांगू लागले. होडीत दोघेच होते. व्याह्यांना दोन मासे मिळाले, काकांना एक. इथवर सगळे बेताप्रमाणे. मग काकांच्या काठीचे टोक वाकले, त्यांनी दोरी सैल सोडली. पुन्हा वाकले, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा व्याह्यांनी विचारले की हे मुद्दाम करता का. खोटे बोलायची तालीम काकांनी केलेली नव्हती. त्यांनी सगळे सांगून टाकले: मुलीचा बाप, व्याह्यांचा मान, एक कमी.

"त्यांनी विचारलं, हे किती वर्षं चालतं? मी म्हटलं, जन्मभर." काका म्हणाले. "मग त्यांनी आपली दोरी गुंडाळली, काठी खाली ठेवली आणि मासा वर घ्यायची जाळी हातात घेतली. म्हणाले, आज तुम्हीच पकडा. मी धरतो. आपल्याकडे मुलीच्या सासऱ्याने बापासाठी जाळी धरल्याचं ऐकलंयस कधी?"

मी विचारले, मग किती मिळाले. काका म्हणाले, मोजले नाहीत. आतून काकूंनी सांगितले की संध्याकाळी ते सगळे मासे व्याह्यांनी स्वतः साफ करून तळले, आणि या दोघांसाठी वेगळ्या, कोऱ्या कढईत बटाटे तळले. कढई मुलीने आणली नव्हती. त्यांनीच आणून ठेवली होती.

मला वाटले गोष्ट संपली. पण काका खिडकीकडे बघत होते.

"निघालो त्या सकाळी थंडी होती," ते म्हणाले. "आम्ही गाडीत बसलो. मुलगी व्याह्यांच्या पायरीवर उभी, त्यांचाच जुना कोट घालून, आणि ते शेजारी. लग्नात पाठवणी झालीच नव्हती ना रे. ती परवा झाली. फक्त उलटी. पोरगी घरी राहिली आणि आम्ही निघालो."

मी विचारले, रडली का.

"नाही. हात हलवत होती. तेही हलवत होते. दोघं अगदी एकसारखे, असा." आणि मला दाखवायला काकांनी आपला हात वर केला, थोडासा हलवला, आणि मग तो खाली घ्यायचा राहूनच गेला.