हाजींची टाकी

आमच्या ऑफिसात किस्से धुळीसारखे साचतात. सकाळी पुसा, दुपारी नवा थर हजर! धंदाच तसा आहे. मनामाच्या नईम भागात, एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून आम्ही बहरीनच्या लोकांना गच्चीवर सोलर पॅनल लावायला सांगतो. बाहेर सूर्य आग ओकत असतो, आणि तरी गिऱ्हाईक मिळत नाही.

माणसं तीन. मालक बू खालिद, इथलेच. मी, पुण्याचा इंजिनीयर. आणि दाऊदभाई, रत्नागिरीकडचे फोरमन, वय एकोणसाठ. गेल्या उन्हाळ्यात बू खालिदनी सांगून टाकलं, "ऑगस्टअखेर एका तरी घराची ऑर्डर आणा. नाहीतर खलास!" मला दुसरी नोकरी मिळाली असती. दाऊदभाईंना या वयात नवा व्हिसा कोण देणार? त्यांच्या धाकटीच्या नर्सिंगची दोन वर्षं बाकी होती.

* * *

पहिली धडक बाब अल बहरीन या जुन्या वेशीजवळच्या एका म्हाताऱ्या कापडवाल्याकडे. समुद्र कसा वाढतोय, बेटाचं काय होणार, सगळं मी लॅपटॉपवर अर्धा तास दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग हिंदीत म्हणाले, "मेरे दादा के टाइम समंदर इधरही था, इस दरवाजे के सामने. हम लोगों ने भराव डालके पीछे किया. अब वापस आता है तो आने दो, पुराना पहचानवाला है!"

चहा मात्र उत्तम होता.

* * *

घरी वेगळीच परीक्षा. माझी सई सातवीत. मराठी समजतं, बोलते इंग्रजीत.

"बाबा, युअर ऑफिस इज सेव्हिंग द प्लॅनेट, राइट?"

"हो तर!"

"देन व्हाय इज युअर एसी ऑन एटीन?"

मी रिमोट शोधायला उठलो.

* * *

ऑफिसच्या गच्चीवर आमचं एक नमुन्याचं पॅनल आहे. जुलैत त्याची वीज निम्म्यावर आली. मी दोन दिवस इन्व्हर्टर तपासला, वायरिंग तपासलं, कंपनीला लांबलचक मेल लिहिला. तिसऱ्या दिवशी दाऊदभाई ओलं फडकं घेऊन वर गेले. पाच मिनिटांत वीज पूर्ववत!

खाली येऊन म्हणाले, "सायेब, आधी पुसून बघायचं, मग लिवायचं."

* * *

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. यादीत उरलं होतं एकच घर, बुसैतीनमधल्या एका हाजींचं. मी बिल कमी होईल म्हणून सांगितलं. हाजी म्हणाले, "बिल छोटा है." मी हवामानाचं सांगितलं. हाजींनी खजूर पुढे केले. माझ्याकडचं सगळं संपलं. दाऊदभाईंकडे बघायची मला हिंमत होईना.

तेवढ्यात असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली. दाऊदभाई वुजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला उठले, नळ सोडला आणि हात झटकत मागे आले. हाजी हसले, "वो नल नहीं! उसमें तो चाय बनती है. गीझरवाला खोलो."

इथे उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि त्याच्यात साठलेलं पाणी 'थंड' म्हणून वापरतात. गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजतं.

नमाजानंतर दाऊदभाईंनी मी काढलेला गच्चीचा नकाशा ओढला, पेन्सिल घेतली आणि पॅनलची अख्खी रांग सरकवून टाकीच्या डोक्यावर आणली.

"अहो, तिथे वीज कमी मिळेल!" मी कुजबुजलो.

"मिळू दे कमी," ते म्हणाले, आणि हाजींकडे वळले. "हाजी, टाकी छाँव में."

हाजींनी नकाशा बघितला. मग पेन मागितलं.

काम झाल्यावर पंधरा दिवसांनी बू खालिदनी व्हिसा रिन्यू करायला दाऊदभाईंचं आयडी कार्ड मागून घेतलं. मला इतकं हायसं वाटलं, की मी उगाचच त्यांचं टेबल पुसलं. तेवढ्यात फोन वाजला. हाजींचे शेजारी होते.

"वो ठंडा पानीवाला छत हमको भी चाहिए," ते म्हणाले. "सुना है, उससे थोड़ा बिजली भी आता है. सच है क्या?"

मी फोन दाऊदभाईंकडे दिला.

"इंशाल्ला," दाऊदभाई म्हणाले, "आता है."