बटणांना हात नक्को

वकीलसाब लॅपटॉपवर पान सरकवायच्या आधी बोटाला थुंकी लावायचे. खोटं नाही सांगत. उजव्या हाताचं पहिलं बोट जिभेला टेकवायचं आणि तेच ओलं बोट बटणांच्या खालच्या चौकोनावर फिरवायचं. जन्मभर कोर्टाच्या फायली चाळलेल्या, ती सवय मशीन आलं म्हणून थोडीच जाणार! त्या चौकोनावर थुंकी वाळून वाळून पांढुरका थर जमला होता. तो पुसायचं काम माझं, कारण मी सून. पहिल्यांदा पुसला तेव्हा मला मोरीकडे धावत जावं लागलं होतं.

नल्लकुंटा या जुन्या मोहल्ल्यात त्यांना सगळेच वकीलसाब म्हणायचे, आमच्या घरातही. तोंडावर मी मामंजी म्हणायची, पाठीमागे वकीलसाबच. सासूबाई गेल्यावर ते तिथल्या दोन खोल्यांत एकटे राहिले. आम्ही दोघं नोकरीवाले, शहराच्या दुसऱ्या टोकाला कुकटपल्लीत, बाराव्या मजल्यावर. तिथे येऊन राहा म्हटलं की म्हणायचे, "इतक्या वर फक्त कबुतरं राहतात. मी नक्को." खरं कारण वेगळं होतं. त्यांच्या ओट्यावर सकाळपासून माणसं यायची. कुणाचं पेन्शन अडकलेलं, कुणाचा घरमालक पाणी तोडणारा. तेलुगू, दख्खनी, मराठी, ज्याला जी येईल तीत गाऱ्हाणं ऐकायचं आणि दोन बोटांनी अर्ज टाइप करून द्यायचा. एक पैसा घ्यायचे नाहीत. तो ओटा सुटला असता तर ते महिनाभरही टिकले नसते.

म्हणून माझ्या नवऱ्याने, सुधीरने, एक अट घातली होती. रोज सकाळी आठच्या आत लॅपटॉपवरून मेल आला पाहिजे. फोन चालणार नाही, कारण फोनवर ते ताप असतानाही "एकदम फर्स्टक्लास" म्हणायचे. टाइप करायला डोकं, डोळे आणि हात तिन्ही जागेवर लागतात, हे सुधीरचं गणित. मेल बंद झाला की बिऱ्हाड कुकटपल्लीला. वकीलसाबांनी अट मान्य केली आणि रोज सकाळी एका ओळीचा मेल येऊ लागला: thik ahe, kal vangyachi bhaji khalli.

आणि काय काय खाल्लं ते लॅपटॉपवर दिसायचंच! बटणांच्या फटींत उस्मानिया बिस्किटांचा भुगा. पडद्यावर गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, लोणच्याचे शिंतोडे. मिरचीभज्याच्या तेलाने झाकण असं तुळतुळीत झालेलं की उचलायला गेलं तर हातातून सटकायचं. वास तर विचारूच नका. डबेवाली बाई आणून देई तो दहीभात ते मशीनच्या पुढ्यात बसूनच कालवायचे. त्यातही सगळ्यात ओंगळ काय, तर बटणांवर चिकटून वाळलेली भाताची शितं. दगडासारखी कडक. दर रविवारी मी ती नखाने खरवडायची, नखांत जायची, शी! आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर. मुंग्यांची तर रांग लागलेली असायची.

भाताशी त्यांचं नातंच तसं होतं. डिंकाची बाटली त्या घरात कधी आलीच नाही. अर्जाचं पाकीट बंद करायचं तर ताटातलं शीत घ्यायचं, बोटाने चिरडायचं आणि लावायचं. तेही उष्ट्या ताटातलं! सरकारी कचेऱ्यांत बसलेली माणसं ती पाकिटं उघडत असतील, या विचारानेच मला कसंतरी व्हायचं. "मामंजी, निदान धुतलेलं तरी शीत घ्या," मी म्हणायची. ते म्हणायचे, "धुतलेलं चिकटत नाही गं. वकिली कर थोडी, मग कळेल."

बोलताना ते समोरच्याच्या कानाकडे बघायचे. ही अलीकडची सवय, आणि मला तिचा फार राग यायचा. आपण तळमळून सांगतोय की बटणांवर सांडू नका, झुरळं होतात, आणि हे आपल्या कानातल्या कुडीकडे टक लावून बसलेत. "माझ्याकडे बघून बोला ना," मी एकदा चिडून म्हटलं. "तुझ्याकडेच बघायलोय," म्हणाले. आणि मी फडकं उचललं की ठरलेलं वाक्य यायचं, "पडदा पूस, झाकण पूस. बटणांना हात नक्को."

एक दिवस पडदा काळा झाला तो झालाच. मी आणि सुधीर तो लॅपटॉप पिशवीत घालून अंबरपेठच्या एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. हातात धरवत नव्हता, म्हणून पिशवी. दुकानदाराने पाठ उघडली आणि खुर्ची मागे सरकवली. आतून मुंग्यांची वारुळासारखी गर्दी बाहेर आली, मागून दोन झुरळं. "अरे बाप रे! इसकू भात कौन खिलाया, मॅडम?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याने नाकाला रुमाल लावून सांगितलं, दुरुस्त होईल, पण अर्धंअधिक मशीन बदलावं लागेल, बटणांसकट. त्यापेक्षा नवा घ्या.

घरी पंचायत बसली. वकीलसाब म्हणाले, "आतलं काय बदलायचं ते बदला. बटणं मात्र हीच पाहिजेत." सुधीरने कपाळावर हात मारला. "बाबा, सगळ्यात जास्त सडलीत ती बटणंच! त्यांच्यासाठी मशीन ठेवायचं?" वकीलसाब कोर्टात उभं राहिल्यासारखे वाद घालत राहिले. चालणारी वस्तू फेकणं हा माज आहे, कंपन्यांनी तुम्हाला येडं केलंय, माणूस आजारी पडला की तुम्ही नवा माणूस आणता का. मी अर्थातच फेकायच्या बाजूची. त्या घाणीतून एकदाची सुटका होणार म्हणून मला आतून उकळ्या फुटत होत्या. शेवटी सुधीरने नवा आणला. चपटा, चकचकीत, गुळगुळीत बटणांचा. वकीलसाबांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "याला तर काहीच नाही."

दुसऱ्या दिवशी मेल आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन केला तर "शिकायलोय, शिकायलोय" म्हणून ठेवून दिला. सुधीरने आमच्याकडची मागची खोली रिकामी करायला घेतली, टेम्पोवाल्याशीही बोलून ठेवलं. आणि मग एका सकाळी आठाला पाच मिनिटं कमी असताना मेल आला: thik ahe, dahibhat khalla. टेम्पो रद्द झाला.

त्या रविवारी मी एकटीच गेले. झाकण उघडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कोऱ्या मशीनवर शितं! "हद्द झाली मामंजी! आठवडा नाही झाला हो! तुम्हाला काही वाटतं की नाही?" मी ओरडतच नख लावलं. एक निघालं, दुसरं निघालं, आणि तिसऱ्यावर माझं नख थांबलं. सांडलेलं शीत असं पडत नाही. प्रत्येक शीत बटणाच्या बरोबर मधोमध होतं. काही बटणांवर एक, काहींवर दोन, शेजारी शेजारी. एण्टरवर तीन.

"मामंजी, तुम्हाला दिसत नाही का?"

"हा लीडिंग प्रश्न झाला, उत्तर त्यातच आहे," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात सांगू लागले. "मधलं गेलं. कडेचं तेवढं राहिलंय. डॉक्टरकडे जाऊन आलो मी, रिक्षा करून. तो म्हणाला, डोळ्याचा पडदा झिजलाय, आणि याचा स्पेअर मिळत नाही. आता पडद्यावर अक्षर हाताएवढं केलं तर तिरकं बघून वाचता येतं. बटणं नाही दिसत. तुझ्या कानाकडे बघितलं की तुझा चेहरा कडेला येतो, धुरकट. सरळ बघितलं तर तू नाहीसच."

मी माझ्या नखातल्या शिताकडे बघत बसले. दर रविवारी मी या माणसाचे डोळे खरवडून काढत होते आणि दर सोमवारी तो ते पुन्हा चिकटवत होता. उष्ट्या भाताने! किळस काही कमी झाली नाही, उलट वाढली. फक्त आता ती कशाकशाची येतेय ते कळेना. त्या चकचकीत मशीनची, आमच्या त्या अटीची, रिकाम्या केलेल्या खोलीची.

"सुधीरला सांगू नको," ते म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी अर्ज करणाऱ्या माणसाचा हा स्वतःसाठीचा पहिला अर्ज मी ऐकला.

नाही सांगितलं. गॅस ते पेटवत नव्हते, डबा येत होता, ओट्यावर माणसं होती. मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, उरलेली शितं खरवडली, बटणं स्वच्छ पुसली आणि ते सांगतील त्या बटणावर ते सांगतील तशा टिकल्या लावल्या. त्यांनी एकेकीवर बोट टेकवून पाहिलं. "रंग कुठला?" "लाल." "वकिलाच्या मशीनला कुंकू लावलंस तू! हरकत नाही. भातापेक्षा कमी दर्जाचं आहे, पण चालेल." मी म्हटलं, आता मुंग्या आल्या तर बघा. दुसऱ्या दिवशी सव्वासातला मेल आला, एकही चूक नसलेला.

पुढे ते नल्लकुंट्यातच राहिले, शेवटपर्यंत. गेले त्या सकाळीही ओट्यावर दोन माणसं वाट बघत बसली होती. सुधीरला मी सगळं सांगितलं, पण दिवसकार्य झाल्यावर. तो उठून गच्चीत गेला.

लॅपटॉप आमच्याकडे आला. आता तोही थकलाय, मध्येच बंद पडतो. सुधीर म्हणाला, जुना देऊन नवा घेऊ या. मी तो उचलून अंबरपेठच्या त्याच दुकानात गेले आणि आतलं काय बदलायचं ते बदला म्हटलं. दुकानदाराने झाकण उघडून बटणांकडे पाहिलं, ब्रश घेतला. "ये पूरा साफ कर देतूं, मॅडम." मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. "बटणांना हात नक्को!"

मी त्याच मशीनवर काम करते. बऱ्याच टिकल्या घामाने निघून गेल्यात. त्या जागी म्हाताऱ्याने मला न सांगता पुन्हा शितं चिकटवली होती; टिकल्या लावल्यापासून मी झाकण उघडतच नव्हते, म्हणून हे ते गेल्यावर कळलं. रोज कधीतरी बोट त्या शितांवर पडतं आणि अंगावर शहारा येतो. शी! उठते, साबणाने हात धुते, आणि परत येऊन बसते.