फैसलाअक्का

माझ्या बायकोने आयुष्यात कुठलीही बातमी नुसती ऐकून सोडली नाही. बातमी कानावर पडली की ती हातातलं काम बाजूला ठेवायची, पदर खोचायची आणि म्हणायची, "आते मन्हा फैसला आयका." मग बातमी दिल्लीच्या सरकारची असो की गल्लीतल्या नळाची, तिचा फैसला ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. सावद्यात आमच्या गल्लीत तिला नावाने कोणी ओळखायचं नाही. लहानमोठे सगळे फैसलाअक्काच म्हणायचे.

ती धुळ्याकडची. तिच्या तोंडात 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठा', आमच्याकडे ते नाही. लग्न होऊन आली तेव्हा इथल्या बायका तिला चिडवायच्या, "काय व, काय शे?" ती म्हणायची, "तुमनाकडे जे नही, ते शे." जवळजवळ तीस वर्षं सावद्यात काढली, पण आमची बोली तिने उचलली नाही. उलट मीच घरात 'शे' म्हणायला लागलो. आता म्हणून दाखवायला घरात कोणी नाही.

तिला अक्षर येत नव्हतं. मी चौथी शिकलेला. स्टेशनवर केळीच्या वॅगनी भरायचं माझं काम. दुपारी घरी यायचो, जेवायचो आणि ओट्यावर बसून पेपर उघडायचो. ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचायचो. ती समोर शेंगा फोडत बसायची. जो शब्द मला लागायचा नाही तो मी गाळायचो, नाहीतर अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचो. तिला ते कळायचं. म्हणायची, "तुम्ही अटकनात का माले समजस, आठे काहीतरी मोठं शे."

एकदा मी वाचलं, भारताने उपग्रह सोडला. तिच्या हातातली शेंग हातातच राहिली. "नऊ ग्रह कमी व्हतात का, आखो एक सोडा? हाऊ कोना राशीले बसी?" मी सांगितलं, तो तसला ग्रह नाही, यंत्र आहे, टीव्ही दाखवतं. पण नाव तर ग्रहच होतं ना! शनिवारी तिने मारुतीला तेल घातलं, एक वात जास्तीची लावली. मी ओरडलो, तर म्हणाली, "दिवा लावाथीन सरकारनं काय बिघडनं?"

गल्लीत पहिला टीव्ही आला तेव्हा सगळी गल्ली सिनेमा बघायला बसायची, ही बातम्या बघायची. बातम्या देणाऱ्या बाईवर तिचा राग होता. "इतला मानसं मरी ग्यात तरी हिना पदर बी हालत नही." रेल्वेचा अपघात झाला, चाळीस मेले असं मी वाचलं की ती विचारायची, नावं काय? मी म्हणायचो, नावं दिली नाहीत. "मंग बातमी अर्धीच शे," असं म्हणून उठायची. हापिसांत संगणक येणार, माणसांच्या नोकऱ्या जाणार, संगणक कधी चुकत नाही, असं एकदा आलं होतं. त्यावर तिचा फैसला असा, की चुकायला पोट लागतं. "त्याले भूक नही, लेकरू नही, घर नही. तो कसाले चुकी?"

लेकरू आम्हालाही नव्हतं.

गल्लीत तिच्या फैसल्याला मान होता. नवराबायकोचं भांडण असो की सामाईक भिंतीचं, बायका तिच्याकडे यायच्या. पण कुणाची ओटी भरायची असली की तिला बोलावणं नसायचं. शेजारच्या सिंधूवहिनीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, त्या दिवशी गल्ली रिकामी झाली आणि ही एकटी माझ्यासमोर बसली. मी काहीतरी वाचत होतो. ती फैसला द्यायची विसरली. नंतर म्हणाली, "सिंधूवहिनी वाईट नही. रीतच तशी शे."

आता मूळ गोष्ट सांगतो. लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली तेव्हा आम्ही जळगावला डॉक्टरकडे गेलो. तिला तपासलं, मलाही तपासलं. आठ दिवसांनी माझा कागद आणायला मी एकटा गेलो. डॉक्टर बाहेर गेलेले. कंपाउंडरने पाकीट दिलं. मी म्हटलं, वाचून तर दाखव. त्याने इंग्रजी कागदावर नजर फिरवली आणि म्हणाला, "निल आहे. बाकी डॉक्टर सांगतील."

निल हा शब्द माझ्या रोजच्यातला. वॅगन भरून झाली की कारकून चिठ्ठी लिहायचा. खराब मालाच्या रकान्यात 'निल' पडलं की आम्ही खूश. निल म्हणजे डाग नाही, सडका घड नाही, खुशाल सोडा गाडी दिल्लीला. मी पाकीट खिशात घातलं आणि हसत घरी आलो. म्हटलं, माझं निल आलं. तिला अर्थही समजावला.

ती म्हणाली, "म्हनजे खोट मन्हामाच शे." आणि वर माझीच समजूत काढली, "बरं झालं. तुमले कोनी नावं ठेवाव नही."

पंधरा दिवसांनी तिच्यासाठी औषध लिहून घ्यायला मी परत जळगावला गेलो. या वेळी डॉक्टर भेटले. त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बाईंना कशाला औषध? त्यांचं सगळं चांगलं आहे. निल म्हणजे तुमच्यात बीजच नाही, भाऊ." मला कळलं नाही असं वाटून त्यांनी टेबलावर बोटाने शून्य काढून दाखवलं. मला ते एकदा सांगण्यातच कळलं होतं.

बसमध्ये बसलो. भुसावळ येईपर्यंत ठरवलं, घरी गेल्या गेल्या सांगायचं. फैजपूर आलं तेव्हा ठरवलं, उद्या सांगू. सावद्याला उतरलो तर ती दारातच उभी. "काय म्हननात डाक्टर?"

मी म्हटलं, "काही नाही. औषध नको म्हणाले."

ती पाणी आणायला मागच्या दारी गेली तेवढ्यात मी तो कागद चुलीत घातला. निलचा अर्थ चुकला ती चूक होती, ती कोणाचीही झाली असती. पण त्या दिवसापासून ते खोटं होतं, आणि ते मी रोज बोलत होतो. तोंड न उघडता.

मग तिची आई तिला धुळ्याला घेऊन गेली. तिथे एका बाईडॉक्टरकडे तिची पिशवी साफ केली. एकदा नाही, दोनदा. मी नको म्हटलं नाही. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. दुसऱ्यांदा परत आली तेव्हा ती भिंत धरून चालत होती. ओट्यावर येऊन बसली. मी खाली मान घालून पेपर वाचायला लागलो. ती म्हणाली, "जरा जोरमा वाचा. आयकू येत नही."

चारपाच वर्षांनी ती बातमी आली. मुंबईला काचेच्या नळीत बाळ जन्माला घातलं. मी ओळीच्या मध्येच थांबलो, म्हणजे तिला कळलंच की इथे काहीतरी मोठं आहे. "पुरं वाचा," म्हणाली. मी वाचलं. फैसला आला नाही. तिने शेंगांचं सूप खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "आपलं व्हई का तसं? तुमनं तर निलच शे. खोट मन्हामा. आते यंत्र उनं शे, तर इचारी तर देखा."

मी काय बोललो ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. मी हसलो. म्हटलं, "नळीतलं पोर काय पोर असतं? उद्या लोक म्हणतील, फैसलाअक्काने बरणीत लोणच्यासारखं पोर घातलं." मला भीती एवढीच की तिथे गेलो तर मलाही परत तपासतील. ती माझ्याकडे बघत राहिली. "बरं. मंग ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली. पुढे बाटलीत वाढवलेली केळीची रोपं आमच्या भागात आली, तेव्हा एका शेतकऱ्याच्या मळ्यात ती मुद्दाम बघायला गेली. सगळी रोपं एकाच उंचीची, एकाच रंगाची. ती वाकून एकेका पानाला हात लावत होती. शेतकरी म्हणाला, "अक्का, काय फैसला?" ती म्हणाली, "काही नही रे भाऊ. चांगला शेतस पोरं."

तिची आई वारली ते एसटीडी बूथवर कळलं. बूथवाल्याने बोलावलं, ही धावत गेली. येताना सावकाश आली. त्या दिवशीही तिचा फैसला होताच. "वाईट बातमी पयले बसमा बशीसन ये. वाटमा थोडी नरम व्हई जाये."

नंतर तिच्या पोटात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्याने घरी पाठवलं. घरी पाठवणं म्हणजे काय ते तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पलंग दारापाशी आणला, म्हणजे तिला गल्ली दिसायची. पेपर चालूच होता. तेव्हा वाळवंटात जमिनीखाली बॉम्ब फोडल्याची बातमी होती. गावोगाव पेढे वाटले, लोक रस्त्यात नाचले. ती पडल्या पडल्या म्हणाली, "फोडा तो खाले. वर कसाले नाची ऱ्हायनात?" मला हसू आलं. तीही हसली, मग हसता हसता कळ आली म्हणून तिने उशी आवळली.

त्याच दुपारी मी पेपर घडी करून ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. कंपाउंडर, डॉक्टर, टेबलावर काढलेलं शून्य, चूल. सतरा-अठरा वर्षांचं पाच मिनिटांत संपलं.

तिने एकच विचारलं, "निल म्हनजे शून्य?"

"हो."

मी फैसल्याची वाट पाहत बसलो. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. तिने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर हाताने 'नको' केलं. तिसऱ्या दिवशी बोलली. माझ्या सासूने नवस केला होता, लेकीच्या मांडीवर लेकरू बघेन तेव्हाच पायात चप्पल घालीन. मला माहीत नव्हतं असं नाही, मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. ती म्हणाली, "धुळाना उनमा मन्ही माय दहा वरीस उघडा पायनी फिरनी. तशीच जळनी. तिले तरी सांगनं व्हतं."



मग म्हणाली, "आते गल्लीले सांगा. मी जित्ती शे तोवर. मन्हा देखत." तिला दुसरं काही नको होतं. ओटी भरायला बोलावलं नाही त्या बायकांनी एकदा तिच्या दारात यावं आणि तिच्या तोंडाकडे पाहावं, एवढंच.

मी ओट्यावर गेलो. समोर सिंधूवहिनी गहू निवडत होती. "नाना, अक्का कशी हाये?" मी म्हटलं, "बरी आहे." आणि आत आलो. ती पलंगावरून सगळं बघत होती. "सांगं का?" मी म्हटलं, "उद्या सांगतो." ती म्हणाली, "तुमना उद्याले आते मिशा फुटन्यात."

असे आठ दिवस गेले. रोज सकाळी ती विचारायची नाही, फक्त बघायची. मी रोज ओट्यावर जायचो आणि परत यायचो. नवव्या दिवशी ती गेली.

तिच्या दहाव्याला घर भरलं होतं. बायका आत, पुरुष ओट्यावर. सिंधूवहिनी रडत बोलत होती, "सोन्यासारखी बाई व माय, पण देवाने कूस दिली नाही." मी उठलो. दारात उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "कूस चांगली होती. दोष माझ्यात होता. डॉक्टरने मला सांगितलं होतं, मी लपवलं."

मला वाटलं, आता कोणी अंगावर येईल. माझा मेहुणा समोरच बसला होता, तो तरी उठेल. तो उठला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दाजी, बसा तुम्ही. आते तुमना जीव ठिकानावर नही." आणि सिंधूवहिनी आणखी मोठ्याने रडायला लागली. "पाहा व माय, किती जीव होता बायकोवर! मेल्यावरही तिची खोट स्वतःच्या अंगावर घेऊन राहिले नाना."

मी शपथ घेतली. लोकांनी पाणी दिलं. कागद दाखवायचा तर तो मीच जाळलेला. ते डॉक्टर केव्हाच गाव सोडून गेले. त्यानंतर मी सिंधूवहिनीला सांगितलं, मेहुण्याला परत सांगितलं, स्टेशनवर सांगितलं. जितक्या वेळा सांगितलं तितका मी लोकांच्या नजरेत मोठा झालो. जे खोटं होतं ते त्यांना एका शब्दात पटलं होतं, खरं कितीही वेळा सांगून पटत नाही.

अजूनही गल्लीतल्या एखाद्या मुलीचं लग्न ठरलं की सिंधूवहिनी तिला माझ्या पाया पडायला घेऊन येते. म्हणते, "पड व माय, नवरा भेटला तर नानासारखा भेटो." मी दरवेळी सांगतो, तसं नाही बाई, ऐकून तर घे. मुलगी हसते, पदर सावरते आणि वाकते.